नवस आणि व्रण : फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची ख्रिस्ती देहप्रतिमा

मराठीतील ‘देवी येणे’ हा वाक्प्रयोग रोगालाच दैवताचे नाव देतो. त्यामुळे अंगावर उरलेले व्रण निव्वळ रोगाची खूण राहत नाहीत. गोमंतकातील साळगाव येथे १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या कॅथलिक घरात याच दुखण्याला निराळा संदर्भ लाभला. वडील त्यांच्या जन्मानंतर लवकरच वारले, बहीणही दगावली. पुढे न्यूटनला देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला : मूल वाचले तर त्याला धर्मगुरू करीन. मूल वाचले, ‘फ्रान्सिस’ हे नाव त्याला मिळाले आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. धर्मगुरुपद तेवढे राहून गेले.

हा नवस ज्याला बोलला गेला, त्या संताचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत जतन केलेला आहे. त्याच्या उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये वेगळा करून रोमला पाठविण्यात आला. पवित्र अवशेषांच्या श्रद्धेत देहाचा तुकडाही संपूर्ण संताचे सामर्थ्य धारण करतो. अशा परंपरेत वाढलेल्या मुलाने जखमी देहाकडे केवळ करुणेने पाहावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

‘वर्ड्स अँड लाइन्स’ (१९५९) या आत्मपर लेखनात सूझांनी गोव्यातील चर्चमधल्या भव्य, रक्तलांछित क्रूसमूर्तीचा बालमनावरील पगडा नोंदविला आहे. त्याच वर्षीचे, आज लंडनच्या टेट संग्रहात असलेले ‘क्रूसिफिक्शन’ पाहावे : काळा, काटेरी ख्रिस्त, सांत्वनाचा लवलेश नाही. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) दुःखभोगाची ओवी पुनरुत्थानाकडे सरकते, सूझांची रेषा जखमेपाशीच थांबते.

‘मिस्टर सेबॅस्टियन’ (१९५५) या चित्रात तर संताला कोट-टाय चढविला असून बाण छातीऐवजी चेहऱ्यात व मानेत रुतले आहेत. संत सेबॅस्टियन हा युरोपात साथीच्या रोगांपासून रक्षण करणारा मानला जाई, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही. अर्थात सूझांच्या चित्रांतील प्रत्येक टोचणी बालपणीच्या देवीशी जोडणे म्हणजे चरित्राला कलेवर स्वार करणे होय. त्यांच्या रेषेवर युरोपातील रोमनेस्क शिल्पाचेही संस्कार आहेत. परंतु बाण चेहऱ्यावरच का, या प्रश्नाचे उत्तर शिल्पपरंपरेत सापडत नाही.