दांड्याला जवसाचं तेल

आसनगावपासून आत शहापूर-मुरबाडच्या जंगलात धावडा वाढतो. लाकूड चिवट, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम. पण दांडा कोरडा पडला की चिरतो, हातात कुसळं भरतात. त्यावर खात्रीचा उपाय जवसाच्या तेलाचा. बंदुकीच्या अक्रोडी दस्त्यालाही पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल चोळत आले आहेत.

खोबरेल का नको? ते वाळतच नाही. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या रेणूतले तीन दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला पकडतात, रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. ओल पूर्ण थांबत नाही, पण तिची ये-जा मंदावते.

इथे घाई नडते. थेंबभर तेल तळवा गरम होईपर्यंत चोळायचं, लाकडाने न प्यायलेलं पुसून घ्यायचं. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, पावसाळ्यात आणखी जास्त. चिकटपणा गेल्याशिवाय दुसरा हात देऊ नये.

पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका! ऑक्सिजन पकडताना उष्णता सुटते. घडीत ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर, दोरीवर एकेरी पसरून वाळवा.