बाहुली परकरात का नसे?

चिंध्यांची बाहुली करायची रीत साधी. कापडाच्या बोळ्यावर पांढरं फडकं ताणायचं, मानेशी दोऱ्याने आवळायचं, काजळाने डोळे काढायचे, कुंकू टेकवायचं. कस लागतो तो लुगडं नेसवताना. बाहुली वीतभर असली तरी कापडाची जाडी काही कमी होत नाही. निऱ्या फुगतात, कासोट्याचा गोळा होतो. म्हणून वापरून विरलेल्या लुगड्याचा मऊ तुकडा घ्यायचा, दोन-तीनच निऱ्या घालून त्या टाक्यांनी बसवायच्या आणि काठ दर्शनी ठेवायचा. मावळात वराळ्यासारख्या इंद्रायणीकाठच्या गावातली असो की पुण्यातल्या वाड्यातली, खेळणारी पोर स्वतः परकर-पोलक्यात असे. तिची बाहुली मात्र सहसा नऊवारीत. लाकडी ठकीच्या अंगावर तर लुगडं-चोळी रंगवलेलीच, उतरवायची सोयच नाही. बाहुलीने मुलीचं वय घेतलं नाही, थेट बाईचं घेतलं. बालपण किती आखूड होतं, हे या लुगड्यावरून कळतं.

भातुकलीतली बाहुली तान्हं बाळ नव्हे, नवरी. तिला मुंडावळ्या बांधायच्या, अंतरपाट धरायचा, वरात काढायची. 1873 साली रमाबाई रानडे बोहल्यावर चढल्या त्या जेमतेम 11 वर्षांच्या. 1891 च्या कायद्याने संमतिवय 10 वरून 12 केलं, तर त्यावर केवढं रण माजलं. मुलीच्या लग्नाचं वय किमान 14 ठरायला 1929 चा सारडा कायदा यावा लागला. अशा काळात बाहुलीचा शालू हे दूरचं स्वप्न नव्हतं, पुढच्या एक-दोन वर्षांची तयारी होती. कुणी म्हणेल, घरात जुनी लुगडी होती म्हणून बाहुलीला लुगडं. पण त्याच तुकड्यातून परकर शिवणं अधिक सोपं होतं. काटकसरीने कापड ठरलं, पोशाख नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पोरी बाहुलीच्या लग्नात विहिणींची भांडणं लावून मोठ्यांची टरही उडवत. खरंच आहे. पण टर उडवायलाही रुसवेफुगवे, मानपान तोंडपाठ असावे लागतात, आणि ते तसे असत. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महागड्या बाहुल्या बहुधा प्रौढ स्त्रियांच्याच असत. फ्रान्समध्ये झ्यूमो कंपनीच्या बालरूपी बाहुल्या गाजल्या त्या 1870 नंतर. म्हणजे मुलीला बाईच्या साच्यात बघणं ही आपलीच खोड नव्हे. तिथल्या साच्यात फॅशन होती, आपल्याकडे सासर.

आज तळेगाव-वराळे पट्ट्यात शेतांशेजारी कॉलेजं आणि सोसायट्या उभ्या आहेत, आणि बाहुली फ्रॉकसकट खोक्यातून येते. मुलीच्या वयाची बाहुली मिळणं ही मोठीच कमाई. शाळेने आणि कायद्याने मिळवून दिलेल्या वर्षांचा तो गणवेश आहे. मात्र 1959 साली आलेल्या बार्बीने बाहुलीला पुन्हा प्रौढ केलं, फक्त आता लग्नमंडपाऐवजी दुकानासाठी. शिवाय जुन्या बाहुलीचे कपडे मुलगी स्वतः बेतत असे. आता ते कारखाना बेततो. लुगडं सुटलं ते बरंच झालं, सुई सुटायला नको होती: बाहुलीने काय नेसावं हे ठरवण्याची जागा पोरीला मिळत होती ती सुईच्याच टोकावर.