गेमिंगसाठी दोन ग्राफिक्स कार्ड लावणं फायद्याचं आहे का?

मागच्या आठवड्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, माझ्याकडे जीटीएक्स १०६० आहे. तसंच अजून एक सेकंडहँड स्वस्तात मिळतंय. दोन लावले की एफपीएस डबल होईल ना?"

मी म्हटलं, "थांब, पैसे देऊ नकोस!" कारण १०६० मध्ये दोन कार्ड जोडायची सोय, म्हणजे एसएलआय, दिलेलीच नाही.

ही कल्पना आली कुठून?

एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणलं. बहुतेक वेळा एक फ्रेम पहिलं कार्ड बनवायचं, पुढची दुसरं. ऐकायला भारी वाटतं, पण गेममध्ये सपोर्ट असेल तरच फायदा. नाहीतर दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

मग अडचण काय?

- दोन्ही कार्डांच्या फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत. एफपीएसचा आकडा मोठा दिसतो, पण गेम अडखळतो.
- मेमरीची बेरीज होत नाही. ८ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला ८ जीबीच मिळते.
- आजचे बरेच गेम नवी फ्रेम बनवताना आधीच्या फ्रेमची माहिती वापरतात. मग एका कार्डाला दुसऱ्याची वाट बघावी लागते.
- वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात, एसएमपीएसही मोठा लागतो.

म्हणूनच २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या गेमसाठी एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर दुसरं कार्ड जोडायचा कनेक्टरच नाही.

पण सुपरकॉम्प्युटरमध्ये तर ढीगभर जीपीयू असतात ना?

बरोबर! आपल्या पुण्यातच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. त्यातल्या एकेका डीजीएक्स ए१०० मशीनमध्ये ८ जीपीयू आहेत. पण तिथलं सॉफ्टवेअर काम वाटून घेण्यासाठीच लिहिलेलं असतं आणि उत्तर काही तासांनी आलं तरी चालतं. गेममध्ये ६० एफपीएस हवे असतील, तर प्रत्येक फ्रेम साधारण १६ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. वाट बघायला वेळच नसतो. ब्लेंडरमध्ये रेंडरिंग करत असाल तर मात्र दोन कार्डांचा खरंच उपयोग होतो.

माझा सल्ला

फक्त गेमिंग करायचं असेल तर जुनं कार्ड विका, थोडे पैसे घाला आणि एकच दमदार कार्ड घ्या. तापकीर गल्लीत किंवा कुठेही सेकंडहँड घेणार असाल, तर आधी गेम चालवून बघा, मगच पैसे द्या. मावसभावाने तेच ठरवलंय. दुसरं १०६० कॅन्सल, नव्या कार्डासाठी बचत सुरू!