चूल, घरगुती

घरगुती चूल : लाकूड, काटक्या, गोवऱ्या, शेतातील काडीकचरा इ. घन इंधन जाळून अन्न शिजविण्यासाठी किंवा पाणी तापविण्यासाठी घरात वापरण्यात येणारे साधन. तीन दगडांची तात्पुरती चूल हे तिचे सर्वांत साधे रूप होय. महाराष्ट्रात मातीची, एका तोंडाची व बहुधा शेजारी वैल असलेली चूल सर्वत्र रूढ आहे. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण, कुटुंब विभक्त होण्यास ‘वेगळी चूल मांडणे’ आणि घरातील सर्वांस दिलेल्या आमंत्रणास ‘चूलबंद आमंत्रण’ म्हणण्याचा प्रघात, यांवरून चूल हीच कुटुंबाची खूण मानली जाते, हे दिसते. भारतीय जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या सामाईक स्वयंपाकघरावरूनच केली जाते.

चुलीचा इतिहास प्राचीन आहे. आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीत उगम पावणाऱ्या घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्याच्याच शिरूर तालुक्यात असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन (सु. इ. स. पू. १६०० ते ७००) घरांच्या अवशेषांत चुली आढळल्या आहेत. म्हणजे या नदीखोऱ्यात मातीची चूल निदान तीन हजार वर्षांपासून पेटत आली आहे.

जुन्नर व आंबेगाव तालुके : या दोन तालुक्यांत चुलीच्या दोन भिन्न परिस्थिती थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात पाऊस पूर्व भागाच्या मानाने अनेक पटींनी अधिक पडतो. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी या जमातींची वस्ती असून सरपण मुख्यतः रानातून येते. कारवीच्या कुडांची, गवताने शाकारलेली घरे येथे पूर्वी सर्रास असत. पुढे कौले व पत्रे आले. हिरड्याच्या फळांपासून रोख उत्पन्न मिळत असल्याने ते झाड जळणासाठी तोडण्याचे लोक टाळतात. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाल्यापासून त्या क्षेत्रातील वृक्षतोडीवर निर्बंध आहेत. पूर्वेकडील मंचर, नारायणगाव या बाजूंस कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांमुळे ऊस व भाजीपाला यांची शेती वाढली; तेथे बाभळीचे लाकूड, तुरीच्या काठ्या, गोवऱ्या व इतर शेतकचरा यांचा जळण म्हणून उपयोग होतो. जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर मोठा असल्याने पहाटे वा तिन्हीसांजेस एकट्याने सरपणास जाणे धोक्याचे असते. चुलीची सुरक्षितता अशा रीतीने जळण आणण्यापासूनच सुरू होते.

रचना : चुलीसाठी चिकणमाती वा वारुळाची माती घेऊन तीत भुसा व शेण मिसळतात आणि ती चांगली मळून मुरू देतात. भुशामुळे वाळताना तडे कमी जातात. चुलीच्या काठावर भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे ठेवतात. त्यांच्यामधील फटींतून ज्वाळा व धूर बाहेर पडतात. या फटी फार मोठ्या असल्यास उष्णता वाया जाते आणि फार लहान असल्यास जाळ कोंडून धूर होतो. मुख्य चुलीतून आतल्या बोगद्याने वैलाकडे गेलेल्या गरम वायूंवर आमटी वा दूध गरम राहते. नवी चूल पूर्ण वाळल्यावर प्रथम मंद जाळ करून तापवावी. ओली चूल एकदम तापविल्यास आतील पाण्याची वाफ होऊन ती फुटते. चूल जमिनीपासून थोड्या उंचीवर, कुडापासून दूर आणि वाऱ्याच्या थेट झोतात तोंड येणार नाही अशी मांडावी. कुड कारवीचा वा लाकडी असल्यास चुलीमागे मातीची जाड भिंत घालणे आवश्यक असते.

ज्वलनक्रिया : लाकूड तापू लागताच प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. तापमान सु. २००° से.च्या वर गेल्यावर लाकडाचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू व डांबरी बाष्पे बाहेर पडू लागतात. लाकडाच्या शुष्क वजनाचा सु. ७० ते ८० टक्के भाग या बाष्पनशील पदार्थांच्या रूपाने निघून जातो आणि शेवटी उरलेला कोळसा निखाऱ्यांच्या रूपात जळतो. बाष्पनशील पदार्थांना पुरेशी हवा व पुरेसे उच्च तापमान मिळाले, तर त्यांची ज्वाळा होते. न मिळाल्यास तेच धुराच्या रूपाने बाहेर पडतात. धूर म्हणजे बव्हंशी न जळलेले इंधनच होय. त्यामुळे धूर कमी करणे व सरपण वाचविणे ही दोन्ही कामे एकाच उपायाने साधतात.

ओल्या लाकडाने होणारे नुकसान पुढील हिशोबावरून ध्यानात येईल. ४० टक्के जलांश असलेल्या ५ किग्रॅ. लाकडात २ किग्रॅ. पाणी असते. ते तापवून त्याची वाफ करण्यास सु. ५ मेगॅजूल उष्णता लागते. उरलेल्या ३ किग्रॅ. शुष्क लाकडातून सु. ५४ मेगॅजूल उष्णता मिळू शकते. म्हणजे जवळजवळ दशांश उष्णता केवळ पाणी घालविण्यात खर्च होते. परंतु याहून मोठे नुकसान म्हणजे चुलीतील तापमान उतरते, वायू पेट घेत नाहीत आणि घर धुराने भरते.

जळण : ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, जळणासाठी ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. यासाठी ओंडके फोडून त्यांच्या ढलप्या करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण सालीतून पाणी फार सावकाश बाहेर पडते. डोंगरी भागात उन्हाळ्यातच सरपण तोडून, वाळवून मृग नक्षत्रापूर्वी पडवीत रचून ठेवण्याची पद्धत आहे. आगोटीच्या कामांतील ते एक महत्त्वाचे काम होय. रास जमिनीला टेकवून न ठेवता दगडांवर वा लाकडी माचावर, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी रचावी. लाकडांच्या राशीत विंचू, फुरसे, मण्यार यांचा आसरा असण्याचा संभव असल्याने अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. ओली लाकडे चुलीवरील माळ्यावर वाळविण्याची पद्धत सोयीची असली, तरी उडालेल्या ठिणगीने तेथूनच आग लागू शकते. म्हणून माळ्यावर एकावेळी थोडे जळण ठेवावे आणि रात्री ते खाली काढावे.

बिब्ब्याच्या लाकडाचा चीक व धूर दाहक असतो. शेर, निवडुंग यांसारख्या चिकाळ वनस्पतींचा धूरही डोळ्यांना त्रास देतो. रंग वा रसायने लावलेले लाकूड, प्लॅस्टिक व रबर यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. ही सर्व चुलीत घालू नयेत.

पेटविणे व जाळ राखणे : चूल पेटविण्यापूर्वी राख काढावी, मात्र तळाशी पातळ थर राहू द्यावा. वाळक्या काटक्या, काड्या यांवर प्रथम जाळ धरून मग बोटभर ते दोन बोटे जाडीच्या ढलप्या एकेक करून सराव्यात. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. वरचा निदान अर्धा भाग हवेसाठी मोकळा असावा. लाकडांची टोकेच जळत राहतील अशा बेताने ती आत सरकवीत जावे. जाळ मंदावल्यास फुंकणीने फुंकण्यापूर्वी लाकडे हलवून हवेला वाट करून द्यावी. भांड्यावर झाकण ठेवल्यास, डाळ आधी भिजविल्यास आणि बेताचेच पाणी घातल्यास जळण कमी लागते. पेटत्या वा विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतणे अत्यंत घातक असते. निखाऱ्यांवर पडताच त्याची वाफ होऊन भडका उडतो आणि ज्वाळा हातातील बाटलीपर्यंत पोहोचते.

धूर व वायू यांपासून धोका : चुलीच्या धुरातील २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांनुसार हवेतील अशा कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. बंदिस्त स्वयंपाकघरात चूल पेटली असताना ते शेकड्यांवर, कित्येकदा हजारांवर जाते. लहान मुलांतील न्यूमोनिया, श्वसनमार्गाचे जुनाट रोग, हृद्रोग, मोतीबिंदू आणि अपुऱ्या वजनाची बालके यांचा या धुराशी संबंध आढळला आहे. घरगुती इंधनांच्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सु. ३२ लक्ष मृत्यू ओढवले, असा या संघटनेचा अंदाज आहे. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया व त्यांच्याजवळ बसणारी तान्ही मुले यांना हा त्रास सर्वाधिक पोहोचतो. पावसाळ्यात जळण दमट आणि दारे बंद असल्याने त्यात भर पडते. छपराजवळ समोरासमोर झरोके ठेवणे, मुलांना चुलीपासून दूर बसविणे आणि पाणी तापविण्याची चूल परसात आडोशाला मांडणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

दिसणाऱ्या धुराहून न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड वायू अधिक फसवा असतो. त्याला रंग वा वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे संयोग पावतो. निखारे धूर न करता जळत असताना तो भरपूर निर्माण होतो. त्यामुळे थंडीच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले घेऊन बंद खोलीत झोपणे प्राणघातक ठरू शकते. पाणी तापविण्याचा बंबही बंद न्हाणीघरात पेटता ठेवू नये. तसेच पाणी भरल्यावाचून तो पेटवू नये. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी रोग्यास ताबडतोब मोकळ्या हवेत आणून वैद्यकीय मदत मागवावी.

आगीपासून संरक्षण : पदर खोचून, शक्यतो सुती वस्त्र नेसून चुलीपाशी बसावे; कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगाला चिकटते. चुलीजवळ पाण्याची बादली व वाळू वा माती ठेवावी. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी न ओतता झाकण घालावे. अंगावरील कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे व इतरांनी जाड सुती कांबरुणाने वा घोंगडीने ज्वाळा दाबाव्यात. भाजलेल्या भागावर सु. वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे. तूप, शाई वा तत्सम पदार्थ लावू नयेत. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

राखेत लपलेला निखारा एका दिवसाहूनही अधिक काळ धगधगत राहू शकतो. म्हणून राख पाणी शिंपडून, धातूच्या घमेल्यात गार होऊ द्यावी व मगच बाहेर टाकावी; पेंढ्याच्या गंजीजवळ वा गोठ्याच्या कडेला गरम राख टाकू नये. गार झालेली राख भांडी घासण्यास, धान्य टिकविण्यास व खत म्हणून उपयोगी पडते.

निगा : चूल रोज झाडून, पोतेऱ्याने सारवून घेण्याच्या रूढीचा मूळ हेतू स्वच्छतेबरोबर तडे बुजविणे हाही असावा. सारवताना भेगा दिसल्यास त्या लगेच लिंपाव्यात. वैलाचा बोगदा राख व काजळीने भरतो. तो आठवड्यातून एकदा मोकळा करावा. धुराडे असल्यास पंधरवड्यास, ओले जळण वापरात असल्यास त्याहून लवकर, काठीला चिंध्या बांधून ते आतून साफ करावे. त्यातील डांबरी थर साचू दिल्यास तो पेट घेतो. धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते, तेथे गवत वा लाकूड नळीला टेकता कामा नये. भोवती पत्रा घालून अंतर राखावे. नळीचे तोंड छपराच्या पुरेसे वर न्यावे आणि त्यावर टोपी बसवावी. चुलीच्या तोंडातून धूर मागे येऊ लागल्यास धुराडे तुंबले आहे, असे समजावे. श्रावणातील शीतळासप्तमीस काही घरांत चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चाल आहे; डागडुजीस असा दिवस सोयीचा असतो.

सुधारित चुली : रूढ चुलीत इंधनातील उष्णतेपैकी साधारणतः १० ते १५ टक्के उष्णताच भांड्यात पोहोचते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडी केंद्रात धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार करण्यात आली. केंद्र शासनाने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात ३ कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. त्यांतील अनेक लवकरच निकामी झाल्या. मोठी लाकडे जावीत म्हणून तोंड फोडून रुंद करणे, धुराडे साफ न करणे व फुटलेली नळी न बदलणे, ही त्यामागील नेहमीची कारणे होत. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (आरती) ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची धुराडे असलेली चूल साच्यातून घडविण्याची पद्धत प्रसृत केली. तसेच उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल तिला २००२ मध्ये ॲश्डेन पारितोषिक मिळाले. भारतीय मानक संस्थेच्या २०१३ च्या सुधारित मानकानुसार हलविता येण्याजोग्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के व पंखा असलेल्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते.

धूर बाहेर काढल्याने काही गोष्टी बदलतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चुलीच्या धुराने छपराचे बांबू व कारवी यांना कीड कमी लागते आणि वर टांगलेले बियाणे टिकते. धुराडे बसविल्यावर छपराची व बियाण्याची निराळी काळजी घ्यावी लागते. हा फायदा-तोटा आधी सांगितला नाही, तर धुराडे काढून टाकले जाण्याचा संभव असतो.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली व तिच्यातील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. गॅसमुळे धुराचा भार पुष्कळ कमी होऊ शकतो. तथापि सिलिंडरचा खर्च, डोंगरी वाड्यांपर्यंत तो पोहोचविण्याची अडचण आणि फुकट मिळणारे सरपण यांमुळे भाकरी भाजणे, अंघोळीचे पाणी तापविणे व गुरांचे खाद्य शिजविणे ही कामे गॅस असलेल्या घरांतही चुलीवर होतात. जोवर अशी एक चूल घरात किंवा परसात पेटते, तोवर वाळलेले जळण, मोकळी हवा, स्वच्छ धुराडे आणि विझलेली राख या चार गोष्टींची आवश्यकता राहते.