नवा शब्द कसा शिकावा?

नुसता अर्थ पाठ केल्याने शब्द आपला होत नाही. इंग्रजीतील 'राइट' हा शब्द पाहा. त्याचा अर्थ बरोबर, उजवा किंवा हक्क असा होतो. कोणता अर्थ घ्यायचा, हे वाक्यावरून ठरते.

ओळखीचा शब्दही कधी फसवतो. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. 'तुम्ही संग्रामपूरला खेळायला जा, माझी हरकत नाही,' असे सर म्हणाले, तर तो होकार समजावा. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात अरबी-फारसी शब्दांपुढे तशी खूण आढळते.

म्हणून वहीत तीन रकाने आखा : शब्द, अर्थ आणि स्वतःचे वाक्य. रोज दोनच शब्द लिहा. पण ते बोलण्यात वापरा.