समुपदेशकाचा न मोजलेला तास

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतील एक तत्त्व महाराष्ट्रातील बहुतेक सर्व शाळा-महाविद्यालयांना लागू पडते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे ते तत्त्व सांगते. ते स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि ही माणसे ज्या व्यवसायातून यायची, त्या व्यवसायाची आजची आर्थिक अवस्था काय आहे आणि तो कोणाच्या आधारावर उभा आहे, याची चौकशी संस्थाचालकांनी, किंबहुना सरकारनेही, केलेली दिसत नाही.

वरकरणी पाहता या व्यवसायाला मंदी माहीत नसावी. बंगलोरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले की, उपचारांची जरूर असूनही ते न मिळालेल्या लोकांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत आहे. इतकी मोठी तूट असलेल्या क्षेत्रात शिरणाऱ्या तरुणाला कामाची ददात पडू नये. प्रत्यक्षात मुंबई-पुण्यात मानसशास्त्राची एम्. ए. झालेली मुलगी दोन-दोन वर्षे बिनपगारी उमेदवारी करते, एका शाळेत तीन दिवस व एका संस्थेत दोन दिवस अशी कामे जोडत राहते आणि तिशीच्या आसपास हा मार्ग सोडून एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जाऊन बसते. गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातला धडा येथे शब्दशः खरा ठरतो. ज्या गरजेच्या पाठीमागे पैसा उभा नाही, ती बाजाराला दिसतच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारांचा विमा शारीरिक आजारांच्या बरोबरीने उतरविण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले खरे. पण विम्याचा पैसा मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांकडे जातो. आठवड्यातून एकदा खुर्चीत बसून बोलून जाणाऱ्याला तो क्वचितच मिळतो. त्यातून, 'नुसते बोलण्याचे पैसे?' हा प्रश्न आपल्या समाजात अजून लाजेचा मानला जात नाही.

दुसरी अडचण या कामाच्या स्वरूपातच आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीतादी कलांच्या अर्थव्यवहारावर लिहिताना दाखवून दिले की, कारखान्यातील कामगाराची उत्पादकता यंत्राने वाढते, पण चौघा वादकांनी वाजवायच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. समुपदेशनाची बैठक याच जातीची आहे. पन्नास मिनिटांचे ऐकणे पंचवीस मिनिटांत उरकता येत नाही आणि दिवसाला दहा माणसांचे दुःख ऐकणारा माणूस दहाव्याचे ऐकत नसतो, केवळ समोर बसलेला असतो.

हिशेब मांडून पाहावा. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. शहरागणिक ते बदलतील. समजा, एका तरुण समुपदेशिकेने आठवड्याला पंधरा, म्हणजे महिन्याला साठ बैठकी ठरविल्या आणि प्रत्येकीला हजार रुपये फी ठेवली. त्यांतल्या दहा आयत्या वेळी रद्द होतात. उरलेल्या पन्नासांपैकी पंधरा जणांना पूर्ण फी परवडत नाही, म्हणून त्यांच्याकडून ती निम्मी घेते. हाती आले ४२,५०० रुपये. तासाला दोनशे या दराने साठ तासांचे खोलीभाडे १२,००० रुपये. स्वतःच्या कामाची तपासणी करून घेण्यासाठी ज्येष्ठ व्यक्तीकडे महिन्यातून दोनदा जायचे, त्याचे ४,०००. ऐकलेल्या गोष्टींचा स्वतःच्या मनावर जो साका बसतो, तो उपसण्यासाठी स्वतः कोणाकडे तरी दोनदा बसायचे, त्याचे ३,०००. उरले २३,५०० रुपये. यात रजा नाही, आजारपण नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांची मिळकत ही घरातली दुय्यम मिळकत मानली जाते. हे चित्र फारसे कोणाला खुपत नाही, याचे खरे कारण हेच असावे.

ओढाताण झाली की यातली कोणती रक्कम प्रथम कापली जाते? खोलीभाडे कापता येत नाही. कापली जाते ती चार हजारांची रक्कम. समुपदेशनाच्या परिभाषेत तिला 'सुपरव्हिजन' म्हणतात. प्राध्यापकमंडळींना हा शब्द परीक्षेच्या दालनातून परिचित आहे. येथे त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. आपण एखाद्या अशिलाशी काय बोललो, कोठे चुकलो, कोणाच्या रडण्याने आपल्याला स्वतःचा बाप आठवला आणि त्यामुळे आपला सल्ला कोठे वाकडा गेला, हे अनुभवी माणसासमोर उघड करून तपासून घेणे म्हणजे सुपरव्हिजन. समोर बसलेल्या अशिलाला मात्र ते झाले की नाही हे कधीच कळत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले की, जेथे मालाचा कस खरेदीदाराला ओळखता येत नाही, तेथे चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो. येथेही तेच होते. हा खर्च टाळणाऱ्याला बाजार शिक्षा करीत नाही. उलट तो कमी फी लावू शकतो.

अशा वेळी कायद्याने दर्जाची खूण ठरवून द्यावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडे खुणा आहेत, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. तिच्या मान्यतेची एम्. फिल. करण्यासाठी बंगलोर, रांची, तेजपूर येथील आणि इतर काही संस्थांतल्या मोजक्या जागांसाठी देशभरातून झुंबड उडते. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम्. फिल. ही पदवीच मोडीत काढली आणि मग या विषयासाठी तिला मुदतवाढ देण्याची वेळ आली. २०१७ च्या कायद्यातील 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत आयुर्वेद, होमिओपथी व युनानीतील मनोविकारविषयाच्या पदव्युत्तरांना स्थान आहे, समुपदेशनाची एम्. ए. घेतलेल्याला नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने या उरलेल्या वर्गाला प्रथमच नाव दिले, पण नोंदवह्या उघडण्याचे काम संथपणे चालले आहे. तोवर पाच वर्षे शिकलेली व्यक्ती आणि आठवड्याच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेली व्यक्ती या दोघींच्या दारावरची पाटी एकच असते.

या पोकळीत समव्यावसायिकांचे छोटे गट उभे राहिले आहेत. सहा-आठ जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दवाखान्यात, घरी किंवा संगणकाच्या पडद्यावर जमतात. एक जण नाव-गाव झाकून आपले अडलेले प्रकरण मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात. सल्ला देण्याची घाई करायची नाही, एवढा एक नियम बहुधा असतो. मायकेल बालिंट या मूळच्या हंगेरियन मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये साध्या कुटुंबवैद्यांचे असे गट चालविले होते, त्या परंपरेशी हे नाते सांगता येईल. पण आपल्याकडील गट तेवढ्यावर थांबत नाहीत. फी किती लावावी, पैसे बुडविणाऱ्याला कसे विचारावे, भाड्याची खोली दोघींत कशी वाटून घ्यावी, बाळंतपणात आपल्या अशिलांना कोणी पाहावे, या गोष्टी विद्यापीठात कोणी शिकवीत नाही. त्या येथे शिकल्या जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही श्रमांची भिशी आहे. प्रत्येक जण आपला एक तास टाकतो आणि पाळीपाळीने सात जणांचे लक्ष उचलतो.

चर्चेला येणारी प्रकरणेही इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या बैठकीची फी वडील देतात आणि आत काय बोलणे झाले हे कळण्याचा हक्क मागतात. बाई पहिल्या भेटीत 'मॅडम' म्हणते, तिसऱ्या भेटीत 'ताई' म्हणू लागते आणि पाचव्या भेटीत हळदीकुंकवाचे बोलावणे करते. जावे की न जावे? हे प्रश्न पुण्याच्या समुपदेशिकेला पडतात तसेच ते लाहोरच्या किंवा ढाक्याच्या समुपदेशिकेलाही पडत असणार, कारण कुटुंबाची घडण सारखी आहे. रोजगाराची घडणही फारशी वेगळी नाही. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर आणि नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतर मनाला आधार देणारी माणसे घाईने तयार करण्यात आली. पैसा परदेशी मदतीचा, म्हणून नोकरीही प्रकल्पाच्या मुदतीपुरती. महाराष्ट्रात २०१५ मध्ये शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, आणि एड्स नियंत्रण कार्यक्रमातील समुपदेशक तर त्याआधीपासून शासकीय रुग्णालयांत बसत आहेत. पण कंत्राटाचे सावट तेथेही आहेच. कंत्राटी माणूस आपल्या कामातील चूक वरिष्ठापुढे मांडत नाही, कारण तोच त्याच्या मुदतवाढीवर सही करणार असतो. बरोबरीच्या माणसापुढे मात्र तो ती मांडू शकतो.

देशाबाहेर गेलेल्यांची कथा थोडी निराळी आहे. मुंबई-पुण्यात काम केलेली मराठी मानसशास्त्रज्ञ नवऱ्याच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत जाते, तेव्हा तिची पदवी नव्याने तोलली जाते आणि परवाना राज्याराज्यांनुसार मिळतो. कॅलिफोर्नियात विवाह व कुटुंब-उपचारकाच्या परवान्यासाठी ३,००० तास देखरेखीखाली काम केल्याचा दाखला लागतो. ब्रिटनमध्ये समुपदेशक या नामाभिधानाला कायद्याचे संरक्षण नाही. पण तेथील समुपदेशकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक सभासदाला नियमित सुपरव्हिजन सक्तीचे केले आहे, मग त्याचा अनुभव वीस वर्षांचा का असेना. कायदा नसतानाही हे साधते, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा धडा आहे. जाफर करीम यांनी १९८३ मध्ये लंडनमध्ये 'नफसियात' हे केंद्र स्थापन केले, ते भिन्न संस्कृतींतून आलेल्या लोकांवर त्यांच्या संदर्भात उपचार व्हावेत म्हणून. पुढे २००३ मध्ये तेथील कृष्णवर्णीय, आफ्रिकी व आशियाई उपचारकांनी आपले स्वतंत्र जाळे उभे केले. गोऱ्या सहकाऱ्यांच्या गटात ज्या गोष्टी आधी समजावून सांगाव्या लागतात, त्या अशा ठिकाणी गृहीत धरल्या जातात. वाचलेला तो वेळ हाच मोठा लाभ.

मात्र या गटांचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. सारेच तीन-चार वर्षांच्या अनुभवाचे असतील, तर आठ जणांचे अज्ञान एकत्र येऊनही त्याचे ज्ञान होत नाही. आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या मुलाविषयी निर्णय घ्यायचा असता मित्रत्वाची सहानुभूती पुरत नाही. तेथे चुकलेल्याला तोंडावर सांगणारा जाणता माणूस लागतो. लातूर-सांगलीसारख्या गावात नाव झाकले तरी प्रकरण ओळखू येते. शिवाय गटातील मैत्रिणी व्यवसायातील स्पर्धकही असतात, आणि अशील एकमेकींकडे पाठविण्याची साखळी आपोआप इंग्रजी बोलणाऱ्या, एका विशिष्ट थरातल्या वर्तुळातच फिरत राहते. बिनपगारी उमेदवारीची दोन वर्षे ज्याच्या घरचे पोसू शकत नाहीत, तो विद्यार्थी या गटापर्यंत पोहोचतच नाही. आणि सर्वांत मोठा धोका हा की, व्यवसाय आपल्या आत्मीयतेने निभावतो आहे असे दिसले की, विद्यापीठे, रुग्णालये व शाळा आपला खर्च त्याच्यावर ढकलून मोकळी होतात. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत 'सेवाभाव' या शब्दाने जे काम केले, तेच येथे 'परस्परांचा आधार' हा शब्द करू शकतो. गटात दिलेला तास हा संस्थांना मिळालेला बिनव्याजी पैसा आहे. तो कोणाच्याच जमाखर्चात लागत नाही इतकेच.

न्यायालयाच्या तत्त्वांनुसार महाविद्यालयात नेमला जाणारा समुपदेशक या दृष्टीने सर्वांत एकाकी राहील. इमारतीत दुसरा कोणी त्याच्या व्यवसायाचा नाही. प्राचार्यांना अहवाल हवा तो 'किती विद्यार्थी पाहिले' याचा. त्याच्या नेमणूकपत्रात आठवड्याचा एक तास सुपरव्हिजनचा म्हणून पगारी कामात धरला पाहिजे, आणि तो तास कोठे घालवायचा याची व्यवस्था एका महाविद्यालयाने एकट्याने करण्याचे कारण नाही. साखर कारखाने आणि दूध संघ सहकाराने चालविलेल्या या राज्यात दहा महाविद्यालयांनी मिळून एक ज्येष्ठ मार्गदर्शक ठेवणे अशक्य ठरू नये. महिन्यातून दोनदा दोन-दोन तास, तासाला दोन हजार धरले, तर आठ हजार होतात; प्रत्येक महाविद्यालयाच्या वाट्याला महिन्याला आठशे रुपये. दहा ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला लावल्या जाणाऱ्या फलकांचा व पाहुण्यांच्या शालींचा खर्च याहून कमी येत नसावा. मार्गदर्शकाच्या दोन बैठकींच्या मधल्या आठवड्यांत हेच दहा जण आपापसांत बसू शकतील. गटाची खरी जागा ती आहे. लातूर वा गडचिरोलीला असा ज्येष्ठ कोठून आणायचा, ही अडचण खरी आहे, आणि पडद्यावरच्या भेटीने ती निम्मीच सुटते. उरलेल्या निम्म्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील माणसांचे काही तास विद्यापीठांना मागून घ्यावे लागतील, आणि त्या तासांचे पैसे कोणत्या खात्याने द्यायचे हे आरोग्य आणि शिक्षण या दोन खात्यांना एकत्र बसून ठरवावे लागेल.