कचऱ्याच्या भट्टीतला गंज

कोळशावरच्या आधुनिक वीजकेंद्रात वाफ 540 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही जास्त तापवतात. कचरा जाळून वीज करणाऱ्या केंद्रात ती बहुधा 400 अंशांच्या आसपासच ठेवावी लागते. उष्णता कमी पडते म्हणून नव्हे. भट्टीतले वायू 850 अंशांच्या वर असतात. खरी अडचण नळ्यांची. वाफ जितकी तापवावी, तितकी तिची नळी तापते आणि तितक्या लवकर झिजते.

याचं मूळ क्लोरीनमध्ये आहे. पीव्हीसीकडे बोट लगेच दाखवलं जातं, पण उष्ट्या-खरकट्यातलं मीठही त्यात भर घालतं. त्यामुळे नुसतं प्लास्टिक वेगळं काढून भागत नाही. ज्वलनात सोडियम-पोटॅशियमच्या क्लोराइडांची वाफ होते आणि सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ तापवणाऱ्या, तुलनेने थंड नळ्यांवर ती राखेसोबत थिजते. पोटॅशियम क्लोराइड एकटं असेल तर 770 अंशांना वितळतं. जस्ताच्या क्लोराइडची जोड मिळाली की अडीचशे अंशांच्या आतही पातळ होतं. अशा द्रवात पोलादावरचा ऑक्साइडचा पापुद्रा तग धरत नाही.

क्षार घट्ट राहिला तरी सुटका नाही. क्लोरीन पापुद्र्यातून आत शिरून लोखंडाचं क्लोराइड बनवतो. त्याची वाफ बाहेर सरकते, तिथे ऑक्सिजन भेटताच लोखंडाचं ऑक्साइड होतं आणि सुटा झालेला क्लोरीन पुन्हा आत जातो. थोड्याशा क्लोरीनवर हे चक्र दीर्घकाळ चालतं. स्टेनलेस स्टीलला तारणारं क्रोमियमही इथे दगा देतं, कारण पोटॅशियम क्लोराइड त्याचं क्रोमेट करून टाकतं.

निकेलचं क्लोराइड मात्र सहजी बनत नाही आणि उडतही नाही. म्हणून 58 टक्क्यांहून अधिक निकेल असलेला ‘625’ हा मिश्रधातू वापरतात. अख्खी नळी त्याची करणं परवडत नाही. साध्या पोलादी नळीवर वेल्डिंगने काही मिलिमीटरचा थर चढवतात. वेल्डिंगच्या वेळी खालचं लोखंड त्यात जास्त मिसळलं, तर पैसे वाया गेलेच म्हणायचे. ॲमस्टरडॅममध्ये 2007 साली सुरू झालेल्या केंद्राने अशा थराच्या भरवशावर वाफ 440 अंश आणि 130 बारपर्यंत नेली. तिथली निव्वळ कार्यक्षमता 30 टक्क्यांच्या वर गेली.

राख झाडण्यासाठी सोडलेला वाफेचा झोत राखेबरोबर पापुद्राही खरवडतो, म्हणून झोताच्या माऱ्यातल्या नळ्या आधी पातळ होतात. केंद्र बंद असतानाही काळजी संपत नाही. राखेतलं कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषून घेतं आणि थंड नळ्यांना नेहमीचा ओला गंज चढू लागतो.